स्कूटीवरून बाईकवर यायचंय, क्लास कोणता लावू?

प्रश्न: ताई, मी इंदूरची, सुदामानगरात राहते, वय 27. कॉलेजपासून स्कूटी चालवतेय पण गियरची गाडी कधी हातात घेतली नाही, आणि आता दादा बाहेरगावी गेलाय तर त्याची 150 सीसीची बाईक घरी नुसती उभी आहे. पलासियाजवळचं एक ड्रायव्हिंग स्कूल ‘सात दिवसांत लायसन्ससकट’ म्हणतंय, एक सर स्वतःची स्प्लेंडर घेऊन घरी येऊन शिकवतात, आणि एका रायडिंग ग्रुपचा रविवारी एक दिवसाचा कोर्स असतो. मैत्रिणींबरोबर ओंकारेश्वरला बाईकने जायची खूप इच्छा आहे. कोणता क्लास लावू?

उत्तर: आधी तुझं लायसन्स काढून बघ. त्यावर फक्त बिनगियरची नोंद असेल तर गियरच्या गाडीचं लर्निंग वेगळं काढावं लागेल, अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर होतो, लर्निंग सहा महिने चालतं पण 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. मग सात दिवसांत लायसन्स कुठून आणणार ते त्या स्कूलवाल्यांना विचार, आणि ‘टेस्टचं आम्ही बघून घेऊ’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुला बॅलन्स येतो, ट्रॅफिक कळतो, तुझी अडचण डाव्या हाताची आहे. स्कूटीला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, बाईकला तिथे क्लच असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. भंवरकुआं चौकात समोर कोणी एकदम आडवा आला की तुझा डावा हात सवयीने आवळला जाणार आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटून पुढे जाणार. ही सवय मोडून देईल तोच क्लास तुझ्या कामाचा, बाकी गियर काय, दोन दिवसांत पडायला लागतात.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एक क्लास नुसता उभं राहून बघ. चांगला शिकवणारा पहिल्या तासाला रेस द्यायलाच लावत नाही, पहिला गियर टाकून क्लच इतका हळू सोडायला लावतो की गाडी जागेवर जराशी पुढे ओढ घेते, तिथे हात थांबवायचा, परत दाबायचा, परत सोडायचा, असं हाफ क्लचवर गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाईपर्यंत. मग सरळ रेषेत ब्रेक, पुढचा आणि मागचा मिळून, पुढचा हळूहळू आवळत, कारण ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि खरी पकड तिथेच मिळते. ‘पुढच्या ब्रेकला हातच लावू नको’ म्हणणारे सर नकोत. मागे बसून स्वतःच हँडल धरणारेही नकोत, त्यात तू काहीच शिकत नाहीस.

घरी येणाऱ्या सरांकडे हे सगळं असेल तर मी तेच घेईन, कारण हँडल पूर्ण वेळ तुझ्या हातात राहतं, ग्रुपमध्ये एका बाईकमागे पाचसहा जण असले तर दिवसभर रांगेतच उभं राहायचं. फक्त स्प्लेंडरचे चारही गियर पायाने खाली दाबून पडतात, आणि 150 च्या बहुतेक गाड्यांना पहिला खाली दाबून, बाकी वर उचलून. म्हणून सुरुवात स्प्लेंडरवर चालेल, वजनाला हलकी आहे, पण शेवटचे काही तास दादाच्या गाडीवरच घे आणि हे आधीच ठरवून घे. जागाही विचार. सुपर कॉरिडॉरचा रस्ता रुंद आहे म्हणून बरेच जण तिथे नेतात पण तिथल्या गाड्यांचा वेग नवशिक्यासाठी नाही, दसरा मैदानासारखी मोकळी जागा बरी, सकाळी लवकर.

हेल्मेट स्वतःचं, आयएसआय मार्कचं, नीट घट्ट बसणारं. घोटा झाकणारे बूट घाल. आणि ओढणी नको, अगदीच घेतलीस तर जॅकेटच्या आत, चेन उघडी असलेल्या गाडीत तिचं टोक अडकायला वेळ लागत नाही.

ग्रुपचा रविवारचा कोर्स सोडून देऊ नकोस, पक्कं लायसन्स आल्यावर दोनतीन महिने शहरात चालवून मग तो कर, एकदम ब्रेक मारणं आणि वळणं तेव्हा जास्त डोक्यात बसतात. ओंकारेश्वर त्याच्यानंतर. साधारण 80 किलोमीटर आहे, पण वाटेत सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो, ट्रकांच्या मागे चढावर हाफ क्लचवर हळूहळू सरकावं लागतं, त्यामुळे पहिल्यांदा दिवसाउजेडी, पाऊस संपल्यावर आणि मागे कोणाला न बसवता जा.