कवितेचं रसग्रहण लिहायला बसलं की अर्थ सांगून होतो आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. काय करावं?

मीही कित्येक वर्षं तेच करायचो. अर्थ लिहायचा, खाली 'चेतनगुणोक्ती अलंकार आहे, भाषा साधी व ओघवती आहे' असं चिकटवायचं (चेतनगुणोक्ती म्हणजे माणूस नसलेली गोष्ट माणसासारखी वागते असं दाखवणं). त्याला भावार्थ म्हणतात, रसग्रहण नव्हे.

बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर' घ्या. जेमतेम आठ ओळी. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडलेलं झाड. झाला अर्थ सांगून! आता पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारा. झरा 'वाहतो', पायवाट 'चालली', तीही काळ्या डोहाकडे. आणि अगदी शेवटी झाड 'बसला'. एवढी चाल तिथे येऊन टेकते. 'पायवाट'मधला पाय 'पाय टाकुनी'त पुन्हा भेटतो, हे तर माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग चेतनगुणोक्ती लिहा ना, पण तिने काय साधलं तेही सांगा. गाव आहे, मळे आहेत, पण अख्ख्या कवितेत माणूस एकही दिसत नाही. माणसासारखा बसलाय तो फक्त औदुंबर.

रंगही बघा: हिरवा, निळासावळा, पांढरा आणि शेवटी काळा. त्यातही काळिमा 'गोड'! एरवी आपण काळिमा फासतो. तो गोड कसा? या एका विशेषणावर परिच्छेदभर लिहिता येतं.

डोह म्हणजे मृत्यू, असं खुशाल लिहा, फक्त 'गोड' हा शब्द तुमच्या विरोधात साक्ष देतो, त्याला उत्तर द्यावं लागेल. कवी २७ वर्षांचे असताना गेले, म्हणून कविता उदास, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. कविपरिचय एका वाक्यात आटपा.

आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना 'बसला असला'मधला नाद निसटतो. हा 'असला' नुसता नादासाठी आलाय, की 'बघा, असा हा' म्हणून बोट दाखवतोय? माझं अजून ठरत नाही. मी लिहिलं तेव्हा दोन्ही शक्यता मांडून तशाच ठेवल्या.