मुलगा म्हणतो, ‘वॉटसारखा वॉक-ऑन होईन’

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे, उंची ६ फूट ३ इंच, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू). शिष्यवृत्ती नाही मिळाली तर माजी व्यावसायिक खेळाडू जे. जे. वॉटसारखा वॉक-ऑन होईन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय कॉलेज संघात जाईन, म्हणतो. अभ्यास मागे पडतोय. त्याला थांबवावं का? – एक आई

उत्तर : ताई, थांबवू नका. पण वॉटचं त्याने अर्धंच ऐकलेलं दिसतंय.

वॉटला सेंट्रल मिशिगन विद्यापीठात शिष्यवृत्ती होती, आणि खेळत होता टाइट एंड, म्हणजे आक्रमणात. ती सोडून २००८ मध्ये तो विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून गेला. फीची जबाबदारी स्वतःवर आली, कॉलेज बदलण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे वर्षभर सामना नाही, नुसता सराव. डिफेन्सिव्ह एंड तो तिथे घडला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांची नव्या खेळाडूंची निवड) ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं. पुढे २०१२ आणि २०१४, दोन्ही हंगामांत साडेवीस सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं). क्वार्टरबॅकपर्यंत पोचता आलं नाही, तर हात उंचावून तो पासच अडवायचा. हे मुलाने आवर्जून शिकावं, उंची त्याच्याकडे आहेच.

वॉक-ऑनचा रस्ता मात्र आता फार अरुंद झालाय. पूर्वी कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात ८५ शिष्यवृत्त्या असत आणि त्यांखेरीज बरेच वॉक-ऑन ठेवता येत. २०२५ पासून, नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. म्हणून कुणी ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ (शिष्यवृत्ती नाही, पण संघात जागा देऊ) म्हटलं, तर लगेच विचारा : त्या १०५ मध्ये जागा नक्की आहे का? पहिल्या वर्षाची फी कोण भरणार? उत्तर ईमेलवर घ्या.

अभ्यासाचं जास्त तातडीचं आहे. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटासाठी एनसीएएला (कॉलेज खेळांची संघटना) १६ कोअर कोर्स, म्हणजे तिने मान्य केलेले मुख्य शालेय विषय, आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पुरे हवेत, त्यांपैकी ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की या १० मधला विषय पुन्हा घेऊन गुण वाढवता येत नाहीत. मुलं अडकतात ती इथेच. शाळेतला प्रत्येक विषय कोअर धरला जात नाही, तेव्हा याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशकाकडे बसून त्याची गुणपत्रिका एनसीएएच्या यादीशी ताडून पाहा.

तो एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) असेल, तर नाव-प्रसिद्धीच्या मोबदल्याचा कुठलाही करार इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांचा तिसरा गट, हाही यादीत ठेवा. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर आणि गरजेनुसार मदत मिळते आणि चार वर्षं खेळता येतं. पाठीच्या दुखण्यामुळे वॉट २०१६ मध्ये ३ च सामने खेळला, २०१७ मध्ये पाय मोडला, २०२२ च्या हंगामानंतर ३३ व्या वर्षी निवृत्त झाला. तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्याचं हे वय. मुलाची पदवी कोणत्या विषयात, हे कॉलेजांची यादी करण्याआधी ठरवा.

कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायचा मुलाच्या खेळाचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच असावा. सर्वांत चांगले पाच डाव सुरुवातीला, आणि सॅकबरोबर धावणाऱ्याला अडवलेले डावही घाला. प्रशिक्षक ते हमखास शोधतात.