पाय बरा झाला, मग ही घाबरते काहून?

"मॅडम, डॉक्टर तं म्हणते ऑपरेशन मस्त झालं. मंग हे चढाईले काहून घाबरते?" वडिलांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं. मी नागपुरात खेळाडूंच्या मनावर काम करते, त्यांचे आईवडील हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

पोरगी 19 वर्षांची, कबड्डीची रेडर. बोनस घेऊन मागे वळताना गुडघा आत गेला, 'कट्' वाजलं आणि एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलं. कुणाचा धक्का नव्हता. बहुतेकांचं असंच, वळताना नाहीतर उडीवरून उतरताना जातं. ऑपरेशनला सात महिने झालेले, निवड चाचणी पुढच्याच महिन्यात. वडील बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मॅट दिसली की पाय माझा राहतच नाही."

मी लगेच भीतीच्या मागे लागले. श्वास, डोळे मिटून मनातल्या मनात चढाई. दोन बैठका त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, लिफ्ट बंद. जिना उतरताना मी तिच्या मागे होते. कठडा घट्ट धरलेला. प्रत्येक पायरीवर ऑपरेशनचा पाय आधी खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. सगळा भार चांगल्या पायावर. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

फिजिओनं मोजलं, तर त्या मांडीची ताकद दुसरीच्या 70 टक्के. नीट चालता आल्यावर तिनं व्यायाम सोडला होता. मैदानात सोडायला ही ताकद निदान 90 टक्के हवी, एका पायावरच्या उड्याही तेवढ्याच जमायला हव्यात, आणि 9 महिन्यांआधी तर नाहीच. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट मुरायला वर्ष लागतं. घाई केली तर तोच पुन्हा तुटतो, कधी दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंट जातं.

"भाऊ, गुडघा सांगत होता तेच पोरगी सांगत होती," मी तिच्या वडिलांना म्हटलं. निवड चाचणी हुकली. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ताकद आली तरी थोडी भीती उरलीच. तिथे माझं काम होतं. आधी रिकाम्या मॅटवर नुसतं वळणं, मग समोर उभा राहणारा एकच डिफेंडर, मग हात लावणारा, शेवटी अँकल होल्ड, म्हणजे घोटा पकडणारा. दर वेळी भीतीला दहापैकी गुण द्यायचे. फिजिओनं तिच्या संघालाही आठवड्यातून दोनदा 20 मिनिटांचा वॉर्म-अप लावून दिला: उडीवरून उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत, आत झुकू द्यायचा नाही. मुलींमध्ये ही दुखापत जास्त, तरी तोवर वॉर्म-अप म्हणजे मैदानाला चार चकरा!

अकराव्या महिन्यात ती सामन्यात उतरली. अँकल होल्डला अजून 4 गुण देते. सुरुवातीला 9 द्यायची.