कंबोडियात अंगकोरची देवळं बघायला पहिल्यांदा जाताय ना?

एका दिवसात अंगकोर 'उरकायचं' हे आधी डोक्यातून काढा. तीन दिवसांचा पास घ्या. तो दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो, म्हणजे मध्ये पायांनाही विश्रांती. पहिल्या दिवशी परवानाधारक स्थानिक गाइड हवाच. पण ठरवतानाच सांगा, आम्हाला फोटोच्या जागा नकोत, शिल्पं समजून घ्यायची आहेत. अंगकोर वाट या मुख्य देवळाच्या पूर्वेकडच्या ओवरीतलं समुद्रमंथनाचं शिल्प जवळपास ४९ मीटर लांब आहे. नुसते चालत गेलात तर भिंत दिसेल, गोष्ट नाही. देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळे दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर येतं. सूर्योदयाची झुंबड मी तरी टाळतो. बांते स्राय हे देऊळ (इ.स. ९६७) थोडं लांब पडतं, पण सोडू नका. आणि हो, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.