आईचा तोल जातो. क्लिनिकमधली बॅलन्स मशीनची थेरपी घ्यावी, की घरचा व्यायाम पुरेल?

क्लिनिकच्या पॅकेजचे पैसे इतक्यात भरू नका. मशीन फसवं असतं असं मुळीच नाही, पण तुमच्या आई पडल्या कशामुळे हे अजून कुणी नीट पाहिलेलं दिसत नाही. वय ७४, दादरच्या घरी मोरीत पडल्या, हाड वाचलं, तेव्हापासून भिंत धरून चालतात आणि क्लिनिकने पडद्यासमोर उभं करून खेळ खेळवणारी मशीन सुचवली, एवढंच तुम्ही लिहिलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दादर-माहीम भागात घरी जाऊन पेशंट बघते. व्यायामाला हात घालण्याआधी मी बीपी बघते. आधी आडवं झोपवून, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांकडून गोळ्या तपासून घ्यायच्या. बीपीच्या, लघवीच्या आणि विशेषतः झोपेच्या. कूस बदलताना किंवा वर बघताना घर गरगर फिरतं का, हेही विचारा. फिरत असेल तर बऱ्याचदा कानाच्या आतले बारीक स्फटिक जागेवरून सरकलेले असतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा त्यातला जाणकार फिजिओ डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते जागी आणतो, आणि पुष्कळांना एकदोन बैठकांतच आराम पडतो. अशा बाईला महिनाभर मशीनवर उभं करण्यात काय अर्थ? डायबेटिसमुळे तळपाय बधिर असणं, बी१२ कमी असणं, मोतीबिंदू, जिना उतरताना पायरी धूसर दाखवणारा बायफोकल चष्मा, हेही बघायला हवं. मोरीत पकडायला दांडा आणि न घसरणारी चटई मात्र याच आठवड्यात बसवा. त्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही.

आता व्यायाम. यावर भरपूर अभ्यास झालाय. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात तेवीस हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं. तोलाच्या व्यायामाला पायांच्या ताकदीचा व्यायाम जोडला, तिथे घट ३४ टक्क्यांच्या आसपास होती. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. आमच्याकडे ‘आई रोज शिवाजी पार्कला फेरी मारते की!’ हे उत्तर हमखास मिळतं. फेरी मारू द्या, हृदयाला आणि मनाला चांगलीच. तोलाचं काम मात्र वेगळं करावं लागतं. खुर्चीत बसून हातपाय हलवण्याच्या वर्गाचंही तेच. बसल्या जागी तोल सांभाळायची वेळच येत नाही, मग तो सुधारणार कसा?

घरी यासाठी स्वयंपाकाचा ओटा पुरतो. ओट्याकडे तोंड करून पाय जुळवून उभं राहायचं. ते जमलं की एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, शेवटी एका पायावर. टाच-अंगठ्याच्या स्थितीत आधाराविना १० सेकंद टिकत नसतील तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. त्याशिवाय हात न टेकता खुर्चीतून उठबस, ओट्यालगत आडवं चालणं, टाचा उचलणं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरगुती कार्यक्रम साधारण असाच आहे, शिवाय पायाला वजन बांधून आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम. खरी गोम हातात आहे. आधी ओटा पूर्ण धरायचा, मग दोन बोटं टेकवायची, मग हात ओट्यावर नुसता अधांतरी. पाय किंचित लटपटले पाहिजेत. अजिबात लटपटत नसतील तर तो व्यायाम त्यांच्यासाठी सोपा झालाय, पुढची पायरी घ्या. सुरुवातीला घरातलं कुणीतरी शेजारी उभं हवंच, आणि पायात सैल स्लीपर नको. सगळं मिळून आठवड्याला तीन तासांपर्यंत जावं, तेही महिनोन्महिने. इथेच घोडं पेंड खातं. पंधरा दिवसांनी आई म्हणतात, ‘आज गुडघा दुखतोय’, आणि ते तिथेच संपतं.

मशीनचा उपयोग मला इथे दिसतो. बहुतेक क्लिनिकमध्ये दाब मोजणारी फळी असते. तुमचं वजन कुठे कललंय ते पडद्यावर ठिपक्यासारखं दिसतं आणि तो ठिपका हलवून खेळ खेळायचा असतो. २००७ मध्ये आलेली निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीची वी फिटची फळी याच जातीची होती, चार कोपऱ्यांत चार सेन्सर. भिंत न सोडणारी बाई खेळाच्या नादात हात सोडते, हे मी पाहिलंय. पण खेळातला स्कोअर वाढला म्हणजे मोरीत तोल सांभाळता आला, असं नाही. माणूस तो खेळ शिकतो, एवढंच नक्की.

लोकलमध्ये उभं असताना अचानक ब्रेक लागला तर तुम्ही काय करता? चटकन पाऊल टाकता. पडण्यापासून वाचवतं ते हे पाऊल. म्हणून जागेवर उभं राहून झुकायच्या खेळापेक्षा पावलं टाकायला लावणाऱ्या तंत्रावर माझा जास्त भरवसा आहे, आणि ठळक चाचण्याही तशाच आहेत. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ३०२ ज्येष्ठांपैकी काहींना नुसतं ट्रेडमिलवर चालवलं, तर काहींना पडद्यावरचे अडथळे ओलांडत. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा. पुढच्या सहा महिन्यांत अडथळेवाल्यांचं पडणं दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होतं. सिडनीत ७६९ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी टीव्हीसमोर पावलांचा खेळ खेळणाऱ्यांचं पडणं वर्षभरात २६ टक्क्यांनी घटलं. मेंदूला चालना देणारे त्याच प्रकारचे खेळ बसून खेळणाऱ्यांना मात्र हा फायदा झाला नाही.

तेव्हा क्लिनिकमध्ये जाऊन आधी एक सेशन बघा. आईंना पावलं टाकावी लागतात की नुसतं झुकायचंय? खेळ चालू असताना फिजिओ शेजारी असतो की फोनवर? कमरेला पट्टा बांधतात का? डोळ्यांवर चढवायचा हेडसेट असेल आणि आईंना आधीच चक्कर येत असेल, तर मी नाही म्हणेन.

खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जा, नाहीतर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत. रांग असते, पण तपासणी व्यवस्थित होते आणि घरी करायचा व्यायाम लिहून मिळतो.

आणि पॅकेज घेतलंच, तर महिन्याचंच घ्या. पहिल्या दिवशी मशीनबाहेरची मोजणी करून मागा: ३० सेकंदांत किती उठबशा होतात, आणि खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत बसायला किती वेळ लागतो. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर काळजी घ्यायला हवी. महिन्याने तीच मोजणी पुन्हा करायला सांगा आणि ते आकडे बघून पुढचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा. ओट्याजवळचा व्यायाम मात्र मशीन चालू असतानाही सुरूच ठेवा.