रोहूला जठर असतं का? पोट, जठर आणि आतड्याचा फुगवटा

प्रश्न असा आहे की गोड्या पाण्यातल्या माशांच्या पचनसंस्थेची तुलना करणाऱ्या एका टिपणात रोहूबद्दल आधी "जठर नसते" असं लिहिलंय आणि पुढच्याच परिच्छेदात त्याच रोहूचं "फुगीर जठर" आलंय, तर यातलं बरोबर काय, पोट, जठर आणि आमाशय हे एकच का, आणि मरळीच्या जठराला लागून बोटांसारख्या ज्या दोन पिशव्या असतात त्यांना आंत्रपुच्छ म्हटलं तर चालेल का.

आधी सरळ उत्तर देतो. पहिलं विधान बरोबर, रोहूला जठर नसतं. दुसऱ्या ठिकाणी जे "फुगीर जठर" म्हटलंय तो आतड्याचाच सुरुवातीचा फुगलेला भाग आहे. आणि आंत्रपुच्छ अजिबात नको.

आता जरा सविस्तर. पोट हा आपला रोजचा शब्द फार ऐसपैस आहे. पोट दुखतं, पोट सुटतं, पोटात बाळ असतं, पोटात गोष्ट राहत नाही, म्हणजे बाहेरची कातडी धरून आतलं सगळंच त्यात येतं. माशाचं पोट फाडलं असं म्हणताना कुणालाही जठर अभिप्रेत नसतं. त्यामुळे तुलना लिहिताना पोट हा शब्द फक्त बाहेरच्या बाजूसाठी किंवा पोकळीसाठी ठेवावा, अवयवाचं नाव म्हणून वापरला की गोंधळ ठरलेलाच. जठर मात्र नेमकं आहे. ज्याच्या अस्तरात आम्ल आणि पेप्सिन (प्रथिनं पचवणारा रस) तयार करणाऱ्या ग्रंथी आहेत ते जठर. आकार पिशवीसारखा आहे की नाही यावर ते ठरत नाही, आणि त्या टिपणातली चूक नेमकी इथेच झालीय, पिशवी दिसली की जठर लिहून मोकळं व्हायचं.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प) हे सगळे कार्प कुळातले मासे, आणि या कुळात जठरच नाही. अन्ननलिका अगदी आखूड असते आणि ती थेट आतड्यात उघडते. आतड्याचा तो पहिला भाग रुंद होतो, अन्न तिथे थोडं साठतंही, म्हणून वरवर बघणाऱ्याला ते जठर वाटतं. पण समोर ट्रेमध्ये मासा उघडून ठेवला असेल तर एक गोष्ट जरूर बघा, पित्ताची नळी कुठे शिरते ती. मरळीत आधी जाड भिंतीचं पिशवीसारखं जठर लागतं, कापलं तर आत ठळक उभ्या घड्या दिसतात, मग जठर संपून आतडं सुरू होतं आणि पित्त त्यानंतर येऊन मिळतं. रोहूत पित्तनलिका त्या फुगवट्यातच उघडते, म्हणजे अन्ननलिका संपली की जवळजवळ लगेच. पित्त जिथे मिसळतं ते आतडं, त्यामुळे फुगवटा आतड्याचाच हे तिथल्या तिथे सिद्ध होतं, सूक्ष्मदर्शकाखाली जठरग्रंथी शोधायच्या आधीच. याला काही पुस्तकी मराठीत आंत्रकंद म्हणतात, ठीक आहे, पण मला "आतड्याचा फुगवटा" जास्त आवडतो कारण वाचणाऱ्याला अवयव कुठला ते लगेच कळतं.

आमाशयाचं प्रकरण थोडं मजेशीर आहे. आम म्हणजे कच्चं, न पचलेलं, आशय म्हणजे जागा, म्हणून न पचलेलं अन्न जिथे राहतं तो आमाशय, आणि त्याच्या जोडीचा आयुर्वेदातला दुसरा शब्द पक्वाशय. नुसती व्युत्पत्ती धरली तर रोहूच्या फुगवट्यालाही आमाशय म्हणता येईल! पण हिंदी पुस्तकांत जठरालाच आमाशय म्हणतात आणि तिथून तो शब्द मराठी टिपणांत येतो, त्यामुळे एकाच लेखात जठर आणि आमाशय दोन्ही आले की वाचणारा दोन वेगळे अवयव शोधत बसतो. मराठीत लिहिताना जठर पुरेसं आहे.

मग जठर नसलेला मासा पचवतो कसं, तर चर्वणाचं काम घशात होतं. कार्प माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, कल्ल्यांच्या पाचव्या कमानीवर, आणि कवटीच्या तळाशी जी टणक गादी असते तिच्यावर अन्न रगडलं जातं. गवत्याचे हे दात करवतीसारखे असतात, पाणवनस्पती फाडायला. पुढचं पचन सगळं आतड्यात, आम्लाशिवाय. झेब्राफिश हाही याच कुळातला छोटा मासा, त्याच्या जनुकसंचात पेप्सिनची आणि जठरातलं आम्ल तयार करणाऱ्या पंपाची जनुकंच उरलेली नाहीत, म्हणजे हे लोपणं किती खोलवर गेलंय बघा.

टिपणात अजून एक वाक्य आहे, "शाकाहारी असल्याने जठर नाही". हे मात्र नक्की खोडा. तिलापिया शेवाळ आणि वनस्पती खातो आणि त्याला चांगलं जठर आहे, आतलं आम्ल इतकं तीव्र की पीएच २ च्याही खाली जातो आणि त्यातच शेवाळाच्या पेशी फुटतात. उलट कटला मुख्यतः प्राणीप्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर, जगतो तरी त्याला जठर नाही. जठर असणं-नसणं कुळावर जातं. आहाराचा परिणाम जास्त करून दिसतो तो आतड्याच्या लांबीत, मरळीचं आतडं शरीरापेक्षा आखूड, दोन-चार वळणांत संपतं, मोठ्या रोहूचं मात्र शरीराच्या कितीतरी पट लांब, वेटोळ्यांवर वेटोळी. त्यातही गवत्या अपवाद, गवत खाऊनही त्याचं आतडं शरीराच्या साधारण दोन-अडीच पटच असतं. आणि रोहूचं पिल्लू लहान असताना प्राणीप्लवंग खातं तेव्हा त्याचंही आतडं आखूडच असतं, आहार बदलत जातो तसं ते वाढतं, म्हणून लांबीचे आकडे देताना माशाचं वय किंवा आकार लिहिला नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता त्या बोटांसारख्या पिशव्या. आंत्रपुच्छ म्हणजे माणसाचं अपेंडिक्स, ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबतं. माशातल्या या पिशव्या जठर संपून आतडं सुरू होतं तिथे असतात, जागाही वेगळी, कामही वेगळं. एका टोकाला बंद असलेल्या नळ्या म्हणून अंधनाल, आणि जठरातून बाहेर पडण्याच्या तोंडाशी म्हणून जठरनिर्गमी अंधनाल, शब्द बोजड आहे पण चुकीचा नाही, आणि एकदा पूर्ण लिहून पुढे नुसतं अंधनाल लिहिलं तरी चालतं. मरळीला दोन असतात, ट्राउटला डझनांनी, मांगूरला नसतात, रोहूला जठरच नाही म्हटल्यावर प्रश्नच येत नाही. यांत अन्न साठून आंबतं अशी अटकळ अ‍ॅरिस्टॉटलपासून होती, पण १९८६ मध्ये बडिंग्टन आणि डायमंड या शास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं की या पिशव्या आतड्याचा शोषणाचा पृष्ठभाग वाढवतात. म्हणजे आतडं लांब करण्याऐवजी बाजूला फुटवे काढलेत. तेव्हा टिपणात या पिशव्यांना "अवशेषी अवयव" (निरुपयोगी उरलेला अवयव) म्हटलंय, तेही शब्द काढा, अपेंडिक्सवरून ते आलेले दिसतात.

लहान आतडं, मोठं आतडं ही माणसाची विभागणीही या माशांवर लादू नका, बाहेरून तशी सीमा दिसत नाही. पुढचं आतडं, मधलं, मागचं आणि गुदाशय एवढं लिहा. आणि कार्प माशांत स्वादुपिंड वेगळं उचलून दाखवता येत नाही, ते यकृतात आणि आसपास विखुरलेलं असतं, म्हणून टिपणातल्या तक्त्यात स्वादुपिंडाच्या रकान्यात "नाही" असं न लिहिता "विखुरलेले" असं लिहा.