वाचक विचारतात: स्टरर असताना फिरता इलेक्ट्रोड कशाला?

प्रश्न: लॅबमधे द्रावण ढवळायला मॅग्नेटिक स्टरर आहेच, मग महागडा फिरता इलेक्ट्रोड कशाला? आणि स्पीड 400 वरून 1600 आरपीएम केला तर करंट फक्त दुप्पट झाला, चौपट नाही. मशीन बिघडलंय का? (एमएस्सीची विद्यार्थिनी)

उत्तर: मशीन ठणठणीत आहे, उलट दुप्पट आलाय म्हणजे तुमची सेटिंग झकास जमलीये!

आधी स्टररचं बघू. तो ढवळतो खरा, पण इलेक्ट्रोडपाशी नक्की किती ढवळलं गेलं हे कोणालाच सांगता येत नाही, बीकर दोन बोटं सरकवला की आकडा बदलला. फिरत्या इलेक्ट्रोडचं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या दांड्याच्या तोंडाशी बसवलेल्या डिस्कचं, तसं नाही. जातं आठवा, दाणे मधे टाकायचे आणि पीठ कडेने बाहेर, इथे फक्त उलटं टांगलेलं जातं समजा, द्रावण खालून मधोमध वर ओढलं जातं आणि कडेने फेकलं जातं. त्यामुळे डिस्कला चिकटून जो डिफ्युजनचा थर राहतो (द्रावणातला पदार्थ डिस्कपर्यंत पोचायला ज्या थरातून आपोआप पसरत जातो तो) मधे काय नि कडेला काय, सगळीकडे सारख्याच जाडीचा. खरी गंमत हीच, सगळा पैसा याचाच.

ही जाडी गणिताने काढता येते, सोव्हिएत शास्त्रज्ञ लेविच यांनी ते करून दाखवलं. पाण्यासारख्या द्रावणात 400 आरपीएमला साधारण 25 मायक्रॉन, 1600 ला 12 च्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही पातळ. स्पीड चौपट, थर निम्मा, म्हणून करंट दुप्पट. स्पीडच्या वर्गमुळाचा खेळ आहे सगळा, म्हणूनच लोक 400, 900, 1600, 2500 असे स्पीड घेतात, वर्गमुळं 20, 30, 40, 50 अशी सुटसुटीत येतात ना!

लिमिटिंग करंट (त्या स्पीडला मिळणारा जास्तीत जास्त करंट) आणि स्पीडचं वर्गमूळ यांचा ग्राफ शून्यातून जाणारी सरळ रेष आली तर माल, म्हणजे रिअ‍ॅक्शन होणारा पदार्थ, डिस्कपाशी पोचेल तेवढा लगेच खपतोय. रेष वर जाताना वाकायला लागली तर रिअ‍ॅक्शनच हळू आहे, मग करंटचा व्यस्त (1 भागिले करंट) आणि वर्गमुळाचा व्यस्त घेऊन ग्राफ काढा, रेष पुढे वाढवून अक्षाला जिथे छेदते तिथून रिअ‍ॅक्शनचा स्वतःचा वेग कळतो.

एक मात्र सांभाळा, इलेक्ट्रोड सरळ बुडवला की तोंडाखाली हवेचा बुडबुडा अडकतो. माझी एक अख्खी दुपार त्यात गेलीये, करंट कमी का म्हणून वायरी बदलत बसलो होतो. थोडा तिरका करून बुडवा, खालून टॉर्च मारून बघा आणि मोजताना तो स्टरर बंद ठेवा हो.